इंधनाशिवाय वीज देणारं यंत्र: पैसे देण्याआधी तपासायचं कसं

एक मोटर, एक फ्लायव्हील (जड चाक), एक अल्टरनेटर (फिरवलं की वीज देणारं यंत्र) आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. आधी घरच्या विजेवर मोटर फिरवायची. वेग आला की मोटरची पिन काढून त्याच अल्टरनेटरच्या बोर्डात खोचायची. यंत्र स्वतःच्याच विजेवर फिरतंय आणि वर दहा बल्बही पेटलेत, असं दिसतं. असा डेमो पाहून आलेली माणसं मला विचारतात, "सर, खरं असेल का हो?" मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवत होतो, म्हणून माझ्याकडे येतात. बहुतेक जण येतात ते आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर. ते पाहून जीव तुटतो, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो आहे.

चूक जवळजवळ दर वेळी तीच होते. लोक यंत्राच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायला जातात. बनवणारा चुंबक, गुरुत्वाकर्षण, "परतीची ऊर्जा" असं काहीतरी सांगतो. ते कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही म्हणून ते खरं असेल असं वाटू लागतं. पोटात काय आहे हे कळण्याची गरजच नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि किती वेळ, हे तीन आकडे तुमच्या मीटरवर, तुमच्या जागी मिळाले की झाकण न उघडताही निकाल लागतो. फक्त पायऱ्या मागेपुढे करू नका.

## टप्पा १: दावा आकड्यांत लिहून घ्या

भेटायला जाण्याआधी फोनवरच विचारा आणि उत्तर लेखी मागा. यंत्र किती वॉट देतं? सलग किती तास? त्यासाठी आत काय घालावं लागतं: वीज, पाणी, तेल, बॅटरी, काहीच नाही? वजन किती, आकार केवढा?

"अख्खं घर चालतं" हा दावा नव्हे. "५ किलोवॉटचं मशीन आहे" हाही अर्धाच दावा. किलोवॉट म्हणजे ऊर्जा मिळण्याचा वेग आणि युनिट म्हणजे एकूण ऊर्जा. १ किलोवॉट एक तास चाललं की १ युनिट होतं. ५ किलोवॉट दहा सेकंद मिळाले तर युनिटचा सत्तरावा भागच मिळाला. या दोन्हींची गल्लत विकणाराही करतो आणि घेणाराही, आणि पुढची निम्मी फसगत त्यातूनच होते.

तपासणी: तुमच्या वहीत असं एक वाक्य तयार झालं का: "६० किलोचं यंत्र, बाहेरून काहीही न घेता, १,००० वॉट, सलग ४८ तास देईल"? झालं नसेल तर पुढे जाऊ नका. वाक्य द्यायला नकार आला तर तिथेच थांबा.

## टप्पा २: घरी बसून गणित करा

ऊर्जा कुठून तरी येते. तो "कुठून" कागदावर लिहायचा: ऊन, वारा, वाहतं पाणी, इंधन, बॅटरी, महावितरणची तार, आजूबाजूच्या हवेतली उष्णता किंवा माणसाचे हात. मग त्या स्रोतात मुळात किती ऊर्जा आहे ते पाहायचं.

ऊन. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट पडतात. चांगलं पॅनेल त्यातले २०० वॉटच्या आसपास देतं. चौरस मीटरभर पत्र्यातून दीड हजार वॉट काढतो असं कुणी म्हणालं, तर सूर्यच तेवढं देत नाही.

वारा. एक मीटर व्यासाचं पातं आणि सेकंदाला ५ मीटर वारा धरा. त्या गोलातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे ५९ वॉट असतात आणि त्यातले जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येतात, म्हणजे ३५ वॉट. पात्याचा आकार कितीही वेगळा असो, गच्चीवरच्या छोट्या पवनचक्कीवर या वाऱ्यात पंखासुद्धा जेमतेम चालेल.

पाणी. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख: जळून झालेला पदार्थ. त्याचे घटक वेगळे करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ते पुन्हा जळताना मिळते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. १ किलो हायड्रोजन जाळून जास्तीत जास्त ३९ युनिट उष्णता मिळते. तोच पाण्यातून काढायला प्रत्यक्षात ५० युनिटच्या वर वीज लागते. तरी "पाण्यावर चालणारी" काही यंत्रं खरोखर चालतात. जुन्या जत्रांमधला कार्बाइडचा दिवा पाणी घातलं की पेटायचा, पण जळत होता तो कार्बाइडपासून तयार झालेला वायू. मिठाच्या पाण्यावर लागणाऱ्या कंदिलात मॅग्नेशियमची पट्टी झिजते. ॲल्युमिनियमही असंच वापरता येतं. एका किलोत सुमारे ८.६ युनिट ऊर्जा असते. त्यामुळे पाण्याचा दावा आला की एकच विचारायचं: पाण्याखेरीज काय संपतं आणि ते विकत किती रुपयांना मिळतं?

फ्लायव्हील. ५० किलोची, २५ सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरतेय. तिच्यात साठलेली सगळी ऊर्जा सुमारे १९ किलोज्यूल, म्हणजे १,००० वॉटचा हीटर १९ सेकंद. चकती ऊर्जा साठवते आणि वेगाने परत देते, पण कणभरही तयार करत नाही. पिन काढल्यावर बल्ब पंधरा सेकंद पेटलेले दिसले की लोक टाळ्या वाजवतात. ती पंधरा सेकंदं आधीच तुमच्या मीटरवर पडलेली असतात.

आणि आता उलट बाजू, कारण खऱ्या वस्तूला खोटं ठरवणं हाही अन्यायच आहे. हीट पंप १ युनिट वीज घेऊन ३ ते ४ युनिट उष्णता देतो. हे खरं आहे, बाजारात मिळतं, आणि त्यात कुठलाही नियम मोडत नाही, कारण उरलेली उष्णता बाहेरच्या हवेतून येते. विकणारे हेच उदाहरण देऊन सांगतात, "बघा, शंभर टक्क्यांच्या वर जाता येतं." मग ती उष्णता पुन्हा विजेत बदलून पाहा. ६० अंशाचं पाणी आणि ३० अंशाची हवा यांच्यामध्ये चालणारं कुठलंही इंजिन ९ टक्क्यांपेक्षा जास्त काम काढू शकत नाही. ४ युनिटांचे ९ टक्के म्हणजे ०.३६ युनिट. घातलं होतं १.

तपासणी: स्रोताचं नाव लिहिता आलं आणि गणित जुळलं, तर दावा शक्य कोटीतला आहे, पुढे चला. स्रोतच लिहिता आला नाही, तर माझा सल्ला आहे की जाऊच नका. पण घरातल्या कुणाचे पैसे अडकायची वेळ आली असेल आणि नुसत्या शब्दाने ते थांबणार नसतील, तर पुढचे सगळे टप्पे एकही न गाळता करा.

## टप्पा ३: कागदपत्रं

हे लवकर उरका, पण उरकाच. फाइल जाड असली की लोक दबतात.

पेटंटचा अर्ज प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे, आणि पेटंट मिळालं म्हणजे यंत्र दाव्याप्रमाणे चालतं असंही नव्हे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ३(क) निसर्गाच्या प्रस्थापित नियमांविरुद्ध जाणाऱ्या दाव्यांना पेटंट नाकारतं. म्हणून असे अर्ज "सुधारित जनरेटर" अशा साध्या नावाने केलेले असू शकतात. अर्जात दाव्याचा आकडा आहे का ते वाचा. आयएसओ ९००१ कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, यंत्राच्या उत्पादनाबद्दल नाही. उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक कुठल्याही धंद्याला मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला तर शिक्क्याआधी चाचणीचं नाव वाचा. इन्सुलेशन तपासल्याचा अहवाल खरा असतो, फक्त तो ऊर्जेबद्दल काहीच बोलत नाही.

## टप्पा ४: पास-नापासची रेषा डेमोआधी ओढा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. डेमो पाहिल्यावर अट ठरवायला बसलं की अट डेमोला बेतून शिवली जाते. यंत्र बंद पडलं की "आज दमट हवा आहे", "बेअरिंग नवीन आहे", "अर्थिंगमुळे ऊर्जा निघून गेली" ही कारणं ऐकून आपण माना डोलावतो.

अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांच्या "ऊर्जा यंत्रा"चं असंच झालं. १९८६ मध्ये तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मापन संस्थेने ते मोजलं. बाहेर येणारी ऊर्जा आत जाणाऱ्या ऊर्जेच्या २६ ते ६७ टक्के निघाली. न्यूमन यांनी निकाल मानला नाही. यंत्राला अर्थिंग जोडून मोजलं म्हणून आकडा चुकला, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थिंग हवं की नको हे आधीच लिहून घेतलं असतं, तर या वादाला जागाच उरली नसती.

एका पानावर हे लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या:

- चाचणी कुठे, कधी, किती तास.
- मीटर, लोड (यंत्राची वीज खाणारी वस्तू), वायर आणि बोर्ड कुणाचे. (उत्तर: तुमचे.)
- यंत्राला कोण हात लावणार आणि कधी. सुरू केल्यावर कुणीही नाही.
- अर्थिंग, हवा, तापमान यांच्या ज्या काही अटी बनवणाऱ्याला हव्या आहेत, त्या सगळ्या आत्ताच.
- कोणता आकडा आला तर पास, कोणता आला तर नापास, आणि यंत्र मध्येच बंद पडलं तर काय.

"माझं गुपित चोरीला जाईल" हे उत्तर इथे हमखास येतं. त्याला शांतपणे सांगा: झाकणाला तूच सील लाव, आम्ही उघडणार नाही. बाहेर आलेल्या दोन तारा तेवढ्या आम्हाला दे. ज्याची वस्तू खरी आहे त्याला या अटीत काहीही गमवायचं नाही.

सावधान: गोपनीयतेच्या नावाखाली मोजलेले आकडे कुणालाही न सांगण्याच्या करारावर सही करू नका. पुढे तोंड बंद राहील ते तुमचंच.

## टप्पा ५: जागा आणि यंत्राभोवतीची झडती

१८१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस आपोआप चालणारं यंत्र तिकीट लावून दाखवत होता. बोटींच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट फुल्टन ते पाहायला गेले. त्यांनी आधी कान दिला. वेग एकसारखा नव्हता, हाताने दांडा फिरवल्यावर येतो तसा हेलकावा होता. त्यांनी बाजूच्या फळ्या उचकटल्या, तर आतड्याच्या दोरीचा पट्टा भिंतीतून वर गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा दांडा फिरवत बसलेला. फिलाडेल्फियात जॉन कीली यांनी आपली मोटर दाखवून कित्येक वर्षं भागधारकांचे पैसे घेतले. १८९८ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेच्या तळघरात दाबलेल्या हवेचा मोठा लोखंडी गोळा आणि लपवलेल्या नळ्या सापडल्या.

आज दोरीच्या जागी तार आली आहे. म्हणून:

यंत्र त्याच्या जागेवरून हलवा. त्याच्या शेडमध्ये, त्याच्या टेबलावर, त्याच्या फरशीवर मोजू नका. मोकळ्या मैदानात, विजेच्या तारांपासून लांब, प्लॅस्टिकच्या चार क्रेटवर ठेवा. चारही बाजूंनी आणि खालून हात फिरवता आला पाहिजे. टेबलाखाली कॉइल ठेवून तारेशिवायही वीज देता येते, म्हणून खाली हवा दिसली पाहिजे.

वजन करा, ग्रॅमपर्यंत नाही तरी चांगल्या काट्यावर. चाचणी संपल्यावर पुन्हा करा. लपलेलं पेट्रोल जळालं तर दर लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास वजन घटेल, आणि धूर कुठून तरी बाहेर पडेलच.

बेल्ट असेल तर त्याची ताणलेली बाजू पाहा. चालवणाऱ्या पुलीकडे येणारी बाजू ताठ असते, परत जाणारी सैल. अल्टरनेटरला मोटर फिरवतेय असं सांगितलं आणि ताण उलट्या बाजूला दिसला, तर खरा धनी अल्टरनेटरच आहे; त्याला कुठून तरी वीज मिळतेय. रेडहेफरचं यंत्र फिलाडेल्फियात असतानाच त्याच्या चाकांच्या दात्यांची झीज चुकीच्या बाजूला आहे हे पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं.

सुरुवातीची बॅटरी "फक्त स्टार्ट करायला" असेल तर सुरू झाल्यावर काढून बाजूला ठेवायला सांगा. काढता येत नसेल तर ती सुरुवातीची बॅटरी नव्हे. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी नाममात्र १.८ युनिट धरते. अर्ध्या तासाचा डेमो तिच्यावर आरामात निघतो.

सावधान: त्याचे एलईडी बल्ब लोड म्हणून अजिबात घेऊ नका. बाजारात इन्व्हर्टर बल्ब मिळतात. पोटात बॅटरी असते, लाइट गेली तरी पेटलेले राहतात, काही तर बोटांनी धरले तरी पेटतात. एक्स्टेन्शन बोर्डही तुमचाच न्या.

१९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिळ्ळै यांचं "वनौषधी पेट्रोल" देशभर गाजलं: पाण्यात पाला उकळायचा, ढवळायचं, पेट्रोल तयार. लोक पाल्याकडे आणि भांड्याकडे बघत राहिले. पेट्रोल ढवळायच्या पोकळ काठीत होतं, टोक मेणाने बंद केलेलं. गरम पाण्यात मेण वितळलं की काम झालं. पुढे त्यांच्यावर खटला झाला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. यातून घ्यायची कृती एवढीच की काठी, चमचा, बादली, फनेल, जे जे आत जातं ते तुमचं हवं.

## टप्पा ६: लोड आणि मीटर

इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. एका गावात अशाच एका यंत्राच्या आउटपुटला पाण्याची मोटर लावली होती, पण पाणी न उचलता, मोकळी फिरणारी. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) ८ अँपिअर दिसले, व्होल्ट २३०. गुणाकार केला: १,८४०. आत जात होते ११००. मी चारचौघांत म्हणालो, "काहीतरी आहे यात." दुसऱ्या दिवशी एनर्जी मीटर घेऊन गेलो तर तीच मोटर सहाशेच्या आसपास वॉट घेत होती. मोकळ्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॉटचा वाटा, ०.३ च्या घरात असतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होतो आणि शेतात उभा राहून विसरलो. माझ्या त्या एका वाक्यावर विसंबून एका ओळखीच्या गृहस्थांनी पैसे दिले. ते मला अजून बोचतं.

म्हणून नियम असे.

लोड नेहमी उष्णतेचा: कॉइलची शेगडी, पाणी तापवायची रॉड किंवा जुने पिवळे बल्ब. मोटर, पंखा, चोक, चार्जर नको.

व्होल्ट गुणिले अँपिअर करू नका. वॉट आणि युनिट थेट दाखवणारा एनर्जी मीटर दोन्ही बाजूंना लावा. आउटपुटची लाट वेडीवाकडी असेल तर स्वस्त मीटर चुकतो. ट्रू आरएमएस लिहिलेला घ्या. नुसते व्होल्ट दिसणं हा पुरावाच नव्हे. लोड नसताना बारीकशा तारेवरही २३० दिसतात.

दोन्ही मीटर अर्ध्या वेळेनंतर एकमेकांच्या जागी लावा. एकात खोट असेल तर आकडे लगेच फिरतात. या एका युक्तीने मी बरेच वाद मिटवले आहेत.

तारा मोजा. यंत्राकडे फेज एका वायरने आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने, उदाहरणार्थ अर्थिंगमधून, जात असेल तर मीटरला अर्धीच गोष्ट कळते. आत जाणाऱ्या प्रत्येक तारेवर, अर्थिंगसकट, क्लॅम्प लावून पाहा.

तपासणी: यंत्र न जोडता, घरच्या विजेवर तुमची शेगडी आणि दोन्ही मीटर एकामागोमाग जोडून अर्धा तास चालवा. दोघांचा आकडा दोन-तीन टक्क्यांत जुळला पाहिजे.

## टप्पा ७: पाण्याच्या पिंपाची चाचणी

मीटरवर कुणाचाच विश्वास बसत नसेल तर पाण्याला विचारा. १ युनिट ऊर्जा २० लिटर पाणी ४३ अंशांनी तापवते. हा आकडा बदलत नाही.

झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, गोणपाटात आणि जुन्या गोधडीत गुंडाळा. त्यात २० लिटर पाणी वजन करून भरा. आधी घरच्या विजेवर १,००० वॉटची रॉड तासभर लावा. दर दहा मिनिटांनी ढवळा, मग थर्मामीटर बुडवा. न ढवळता वरचं पाणी मोजलं तर तापमान खोटं येतं. समजा तापमान ३९ अंशांनी वाढलं. उरलेले चार अंश पिंपातून निसटले. तुमच्या पिंपाचा हिशेब आता तुम्हाला ठाऊक झाला. पाणी बदला, तेवढंच भरा, तीच रॉड यंत्राला लावा, तेवढाच वेळ. दोन आकडे शेजारी ठेवले की ऊर्जा किती आली ते शाळेतल्या मुलालाही दिसेल.

सावधान: पाणी उकळू देऊ नका. वाफ झाली की हिशेब हातातून जातो. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला ३३५ किलोज्यूल लागतात आणि त्याची पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. बाहेर पडणारी वाफ ओली असेल, म्हणजे तिच्यात पाण्याचे थेंब असतील, आणि आपण ती कोरडी धरली, तर उष्णता कितीतरी पटींनी जास्त दिसते. इटलीत आंद्रेया रॉसी यांच्या ई-कॅट यंत्राच्या २०११ मधल्या प्रात्यक्षिकांवर टीकाकारांनी हाच आक्षेप घेतला होता. रॉडची वीज बंद केल्याशिवाय पाण्यात हात किंवा थर्मामीटर घालू नका, हेही विसरू नका.

## टप्पा ८: किती वेळ चालवायचं

बहुतेक डेमो वीस मिनिटांचे असतात, आणि त्याला कारण असतं. तुमचा वेळ यंत्राच्या वजनावरून काढा.

अख्खं यंत्र आतून लिथियम बॅटरीच आहे असं समजा. उत्तम सेल किलोमागे पाव युनिट धरतो. ६० किलोचं यंत्र म्हणजे फार तर १५ युनिट. दावा १,००० वॉटचा असेल तर १५ तास निव्वळ बॅटरीवर निघतील. तिप्पट घ्या: ४५ तास. म्हणून मी सरळ ४८ तास मागतो. दोन दिवस आणि दोन रात्री, मधे न थांबता, शेगडी लावलेली.

हे कंटाळवाणं आहे, खर्चिक आहे, आणि नेमकं रात्री दोन वाजता काहीतरी "सेटिंग" करावं लागतं. त्यासाठी तयारी करा. पाळ्या लावा, एका वेळी दोन माणसं. सांध्यांवर सह्या केलेल्या कागदी पट्ट्या चिकटवा. मोबाइल स्टँडवर लावून सलग चित्रण करा, ज्यात यंत्र, दोन्ही मीटर आणि एक घड्याळ एका चौकटीत येतील. मीटरचे आकडे दर तासाला वहीत लिहा. खाडाखोड करायची असेल तर एक रेघ मारून शेजारी लिहा, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे.

तपासणी: कुणी यंत्राला हात लावला तर वेळ शून्यावर. सवलत द्यायची नाही.

## टप्पा ९: दुसऱ्याच्या हातून, दुसरीकडे

इथवर आकडा टिकला तरी अजून हो म्हणू नका. चूक तुमचीही असू शकते, आणि प्रामाणिक, हुशार माणसांचीही होते. २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी टेबलावरच्या भांड्यात अणुसंमीलन (सूर्यात होते तशी अणुकेंद्रं जुळण्याची क्रिया) झाल्याचं जाहीर केलं. दोघेही नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. जगभर प्रयोग सुरू झाले. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी झाले, आणि तिथल्या काही गटांनी न्यूट्रॉन व ट्रिटियम, म्हणजे अशा संमीलनाच्या खुणा, आढळल्याचं नोंदवलं. पण हवं तेव्हा, हवं तिथे, कुणालाही करून दाखवता येईल असा प्रयोग हाती आला नाही. गूगलच्या पैशावर काम केलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने काही वर्षं पुन्हा शोध घेतला आणि २०१९ मध्ये तसा पुरावा सापडला नसल्याचं प्रसिद्ध केलं.

आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आपलं यंत्र तपासायला बोलावलं. २००७ मधलं लंडनचं जाहीर प्रात्यक्षिक झालंच नाही. २००९ मध्ये २२ जणांच्या परीक्षक मंडळाने एकमताने सांगितलं की ऊर्जा निर्माण झाल्याचं कंपनीने दाखवलेलं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: तेच यंत्र बनवणाऱ्याच्या गैरहजेरीत, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाने मोजलं पाहिजे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मशीन लॅबमध्ये विचारा. अशा मोजणीत विद्यार्थ्यांना रस असतो. मोठी रक्कम असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जा. विद्युत यंत्रांसाठी बंगळुरूची सीपीआरआय आणि वडोदऱ्याची एर्डा या संशोधन व चाचणी संस्था आहेत. पाण्याच्या जोरावर इंधन वाचवतं म्हणून गाडीला बसवायचं "पाण्याचं किट" असेल तर पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा अहवाल मागा.

गाडीच्या किटबद्दल एक घरगुती उपायही आहे. टाकी काठोकाठ भरा, ठरलेला रस्ता, ठरलेला वेग, पुन्हा काठोकाठ. असं दहा वेळा. पाच वेळा किट चालू, पाच वेळा बंद, आणि आज चालू आहे की बंद हे चालवणाऱ्याला सांगायचं नाही. किट बसवल्यावर माणूस नकळत हळू चालवतो आणि ॲव्हरेज वाढतं.

## टप्पा १०: निकाल सांगणं आणि पैसे

पहिला रुपया या टप्प्याआधी द्यायचा नाही. "बुकिंग", "तालुक्याची डीलरशिप", "फक्त टोकन" यातलं काहीही नाही. "उद्या भाव वाढतोय" असं सांगितलं तर उद्यापर्यंत थांबा आणि भाव वाढू द्या. पैसे आधीच गेले असतील तर पावती, संदेश, बँकेच्या नोंदी आणि टप्पा १ चं लेखी वाक्य एका फाइलमध्ये लावा आणि उशीर न करता पोलिसांत लेखी तक्रार द्या.

निकाल लिहिताना मत लिहू नका. तारीख, जागा, वजन आधी आणि नंतर, आत गेलेले युनिट, बाहेर आलेले युनिट, किती तास, कोण हजर होतं. "फसवणूक आहे" हे वाक्य मी कधीच लिहीत नाही, कारण माझ्या मीटरला माणसाचा हेतू कळत नाही. "आत ५.२ युनिट, बाहेर ३.१ युनिट" एवढं पुरतं.

आणि बनवणाऱ्याशी नीट बोला. मला भेटलेल्यांपैकी काही जण पक्के ठग होते. पण बरेच जण लेथवर हात काळे केलेले, रात्रीची झोप आणि घरातले दागिने या यंत्रात घातलेले कारागीर होते. त्यांनी क्लॅम्प मीटरवर व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार केला होता, माझ्यासारखाच. अशा माणसाला चारचौघांत आकडे वाचून दाखवू नका. बाजूला घ्या, वही त्याच्या हातात द्या, पिंपाची चाचणी त्याला स्वतःच्या हाताने करायला लावा. मी माझा एक एनर्जी मीटर त्याच्याकडे आठवडाभर ठेवून येतो.